आईच्या डाळिंबाला ठिबक करायचंय, अनुदानाचा अर्ज आपला आपण भरता येतो का?

जतची_लेक

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव जत तालुक्यात. वडील 2023 च्या पावसाळ्यात गेले. वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर आता आई, मी आणि धाकटा भाऊ अशी तीन नावं आहेत. क्षेत्र 1 हेक्टर 10 आर, म्हणजे पावणेतीन एकर. त्यातल्या दोन एकरांत वडिलांनी जायच्या आदल्या वर्षी भगवा जातीच्या डाळिंबाची 600 झाडं लावली होती, 14 बाय 10 फुटांवर. ती बाग आईनं एकटीनं जगवलीय. मी पिंपरीला नोकरीला, भाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला.

आई अजून पाटानं पाणी देते. लाइट पाळीनं, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात दीड-दोनला उठावं लागतं. मागच्या महिन्यात मी गावी होते. आईनं बॅटरी घेतली, वडिलांचे गमबूट चढवले. ते तिला मोठे होतात म्हणून पुढं जुन्या लुगड्याचा बोळा कोंबलाय. मी पण मागं गेले. आळ्यात पाणी फिरलं की ती खोऱ्यानं बारं मोडते, पुढच्या झाडाला लावते, परत मागं येऊन बघते. मी म्हटलं, आई, साप असतात. म्हणाली, असतात की. त्या रात्री मी ठरवलं, ह्या हंगामात ठिबक करायचंच.

आता अडचण. तालुक्याच्या गावात एकजण "अनुदानाची कामं करून देतो" म्हणून फिरतो. त्यानं आईला सांगितलंय, 5,000 रुपये द्या, आणि संच आधी बसवून घ्या, कागद मागनं बघू, पैसे नक्की येतात. आई हजार रुपये देऊन पण बसलीय. शिवाय तिच्या व्हॉट्सॅपवर "सरकारतर्फे 100 टक्के मोफत ठिबक" असा मेसेज आला, खाली एक फाइल होती, उघडा आणि नोंदणी करा म्हणून. ती मी उघडू दिली नाही.

मला विचारायचंय ते एवढंच. ठिबकला खरंच किती मिळतं? अर्ज आपल्या आपण भरता येतो का? संच आधी घ्यायचा की नंतर? आणि विहिरीची नोंद सातबाऱ्यावर दिसत नाही, त्यानं अडेल का?

घाटमाथा_विटा

ताई, ती फाइल उघडू दिली नाहीत ते फार बरं केलंत. शेवटी "एपीके" असं असतं ना, ती फाइल फोनमध्ये बसली की फोनवर येणारे ओटीपी समोरच्याला दिसायला लागतात आणि खातं रिकामं होतं. आमच्या गावात पीएम किसानच्या नावानं असंच आलं होतं. माझ्या चुलत्यांच्या खात्यातून 18,000 गेले, उसाचं बिल नुकतंच जमा झालेलं. 1930 नंबरला लगेच फोन लावला म्हणून त्यातले थोडे थांबले. आईच्या फोनमधून तो मेसेज आजच काढून टाका. आणि आपल्याकडं ठिबक असं सरसकट 100 टक्के मोफत मिळत नाही, ते वाक्य वाचलं की तिथंच समजून घ्यायचं.

आटपाडीचा_शेतकरी

ताई, मी आटपाडी तालुक्यातला, माझी पण डाळिंबच. 2022 मध्ये मी स्वतः अर्ज भरून ठिबक केलं, त्यामुळं प्रत्येक टप्पा माहीत आहे. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही ज्या वळणावर उभ्या आहात तिथंच माझ्या शेजाऱ्याचं नुकसान झालं.

सगळ्यात आधी हे ऐका: पूर्वसंमती, म्हणजे कृषी खात्याचं खरेदीआधीचं मंजुरीचं पत्र, मिळाल्याशिवाय एक नळी सुद्धा विकत घेऊ नका. तो माणूस सांगतोय ते बरोबर उलटं आहे. माझ्या शेजाऱ्यानं असंच कुणाचं तरी ऐकून संच आधी उचलला. त्याचं बिल पूर्वसंमतीपत्राच्या चार दिवस आधीच्या तारखेचं निघालं. संच खरा, शेत खरं, माणूस गरजू, सगळं खरं. पण बिलावरच्या तारखेवर बोट ठेवून फाइल परत आली. दीड एकराचा सगळा खर्च त्याच्या अंगावर पडला. अजून त्याच्याकडं बघितलं की मला वाईट वाटतं, कारण मी तेव्हा गावातच होतो आणि त्यानं मला विचारलं असतं तर पाच मिनिटांत सांगितलं असतं.

आता किती मिळतं ते. योजनेचं नाव "प्रति थेंब अधिक पीक". दोन हेक्टरच्या आत जमीन असेल तर त्यातून 55 टक्के, त्यापेक्षा जास्त असेल तर 45 टक्के. त्याच्यावर आपलं राज्य मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून 25 आणि 30 टक्के पुरवणी देतं. म्हणजे लहान शेतकऱ्याला एकूण 80 आणि बाकीच्यांना 75. तुमचं आठ-अ वर, म्हणजे सगळ्या जमिनीच्या खाते उताऱ्यावर, 1 हेक्टर 10 आरच असेल तर तुम्ही अल्पभूधारक, 80 टक्क्यांत बसता.

पण हे 80 टक्के तुमच्या बिलावर नसतात, हे नीट समजून घ्या. दोन नळ्यांमधलं अंतर किती, क्षेत्र किती, त्यावरून शासनानं एक मापदंड ठरवलेला असतो, टक्केवारी त्या आकड्यावर धरतात. समजा तुमच्या क्षेत्राला मापदंडानं 60,000 बसले आणि विक्रेत्याचं बिल झालं 75,000. तर अनुदान 60,000 च्या 80 टक्के, म्हणजे 48,000. उरलेले 27,000 तुमचे. म्हणून कोटेशन घेताना विक्रेत्याला तोंडावर विचारायचं, मापदंडात किती बसतंय आणि वर किती जातंय. दोन-तीन ठिकाणी विचारा. आणि विक्रेता कृषी विभागाकडं नोंदणी असलेल्या कंपनीचाच पाहिजे.

दुसरं, हे पैसे आधी हातात येत नाहीत. आधी आपण घालायचे, तपासणी झाली की मग खात्यात. माझे यायला अकरा महिने लागले, कारण मधे निधीच नव्हता. मी चार शेळ्या विकल्या आणि बाकीचे सोसायटीतून उचलले होते. काही विक्रेते अनुदान येईपर्यंत थांबतात, पण थांबणार असतील तर किती दिवस आणि व्याज लागणार का ते कागदावर घ्या. आईला एवढंच सांगा की तीन-चार महिन्यांत पैसे येतील असं धरून कुणाकडून हातउसने घेऊ नकोस.

अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, शेतकरी योजनांमध्ये भरायचा. माझ्या वेळी सोडत होती, माझं नाव आठ महिन्यांनी लागलं. 2025-26 पासून सोडत बंद करून जो आधी अर्ज करेल त्याला आधी, असं केलंय. त्यामुळं आता उशीर करू नका. आत जायला शेतकरी ओळख क्रमांक लागतो, ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात. तिघांचीही नावं सातबाऱ्यावर असल्यानं आयडी ज्याचा त्याचा वेगळा निघतो. अर्ज आईच्या नावानं करायचा, तर आईचा आयडी पाहिजे. तो नसेल तर पहिलं काम ते. मग माहिती पूर्ण भरायची, "सिंचन साधने व सुविधा" मध्ये जाऊन ठिबक निवडायचं, गट नंबर, पीक, क्षेत्र टाकायचं. सगळं झालं की शुल्क फक्त 23 रुपये 60 पैसे. 5,000 रुपये नाहीत, ताई.

निवड झाली की मोबाईलवर एसएमएस येतो. तिथून पुढं कागद चढवायला मुदत असते, मुदत चुकली की अर्ज आपोआप रद्द. म्हणून जो नंबर दिलाय तो कुणाच्या हातात आहे ते बघा. माझ्या एका भावकीचा अर्ज असाच गेला, नंबर मुलाचा दिलेला आणि मुलानं सिमच बदललेलं. तुमच्या बाबतीत आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः पिंपरीतून आत जाऊन अर्जाची स्थिती बघत जा, एसएमएसवर बसू नका.

कागद म्हणजे सातबारा, आठ-अ, कोटेशन आणि ठिबकचा आराखडा. सामाईक खातं असल्यानं तुमचं आणि भावाचं संमतीपत्र लागेल. त्याचा नमुना तुमच्या गावच्या कृषी सहायकांकडून घ्या. (आता त्यांचं पदनाम सहायक कृषी अधिकारी झालंय, पण गावात सगळे कृषी सहायकच म्हणतात.) हा माणूस पगारी आहे आणि त्याचं कामच हे आहे, त्याला विचारायला संकोच करू नका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बिचकलो होतो, पण त्यांनी बांधावर बसून माझा आराखडा स्वतः बघून दिला.

विहिरीचं. सातबाऱ्यात वरचा सात म्हणजे मालकी आणि खालचा बारा म्हणजे पीक. ई-पीक पाहणी करताना, म्हणजे मोबाईलवरून आपलं पीक नोंदवताना, डाळिंब टाकून सिंचनाचं साधन म्हणून विहीर निवडली की ते नमुना बारामध्ये येतं. आईची पीक पाहणी झालीय का बघा. बऱ्याच जणांची राहिलेली असते, नाहीतर पीक "पड" म्हणून दिसतं. विहीर तुमचीच असेल तर तलाठ्याकडं इतर हक्कात नोंद करायचा अर्ज पण टाकून ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

पूर्वसंमती आली की मगच खरेदी. पत्रात मुदत दिलेली असते, तेवढ्यात संच बसवून बिल चढवायचं. मग मोका तपासणी होते. माझ्याकडं साहेब आले ते टेप घेऊन. दोन ओळींतलं अंतर मोजलं, नळ्या मोजल्या, मग खाली बसून एक नळी मातीतून ओढली आणि अंगठ्यानं माती पुसून छापलेलं वाचलं. त्यावर कंपनीचं नाव, तारीख आणि आयएस क्रमांक असतो, माझ्या साध्या नळीवर आयएस 12786 होता. ते नसलेली स्वस्त नळी विक्रेता गळ्यात मारतो, त्यामुळं माल उतरवतानाच आईला किंवा भावाला प्रत्येक बंडलवर ते वाचायला सांगा. शेवटी फिल्टरजवळ उभं करून फोटो काढतात, त्यात ठिकाणाची नोंद यावी लागते. 

अजून एक. त्याच गटावर आधी अनुदानाचं ठिबक घेतलेलं असेल तर सात वर्षं पुन्हा मिळत नाही. वडिलांनी पूर्वी कधी घेतलं होतं का, आईला विचारून घ्या.

केंद्रवाली_मंगळवेढा

ताई, मी आपलं सरकार सेवा केंद्र चालवते, रोज हेच काम. वर दादांनी सगळं बरोबर लिहिलंय. मी फक्त पैसे कुठं अडकतात ते सांगते, कारण माझ्याकडं रडत येणारी माणसं बहुतेक त्याच टप्प्यावरची असतात.

अनुदान पासबुकवरच्या खाते नंबरवर जात नाही. ते आधारला जे खातं जोडलेलं असतं त्यात जातं. आधार एका वेळी एकाच खात्याला पैशासाठी जोडलेलं असतं, जे सगळ्यात शेवटी जोडलं ते. एका मावशींचं जनधनचं खातं होतं, कुणीतरी शिबिरात उघडून दिलेलं. त्यांना ते आठवत पण नव्हतं. सगळं अनुदान तिकडं गेलं आणि ह्या सहा महिने जिल्हा बँकेच्या पासबुकात एंट्री मारून घेत होत्या. दुसऱ्या एकांचं जोडलेलं खातं वापर नसल्यानं बंद पडलेलं, पैसे परत गेले.

तपासायचं कसं? माय आधारच्या साइटवर आईचा नंबर टाकून ओटीपीनं आत गेलात की "बँक सीडिंग स्टेटस" दिसतं, बँकेचं नाव तिथं येतं. त्याहून सोपं, आईला लाडकी बहीणचे 1,500 येत असतील तर ते ज्या खात्यात येतात, तेच आधारला जोडलेलं खातं. ते चालू आहे ना, एवढं बघा.

आणि नाव. वडील गेल्यावर वारस नोंदीत आईचं नाव कसं लागलंय ते आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. सातबाऱ्यावर "सुमन", आधारवर "सुमनबाई", पासबुकात माहेरचं आडनाव, असं तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं असतं. फार्मर आयडी काढतानाच हे अडतं. कधीकधी तलाठी दुरुस्ती करून देतात, कधी आधार बदलणं सोपं पडतं. पण हे आधी करा, अर्ज मंजूर झाल्यावर करायला गेलात तर मुदत निघून जाते.

बाकी योजना शोधायच्या असतील तर केंद्राचं मायस्कीम म्हणून पोर्टल आहे, वय, राज्य, जात, व्यवसाय टाकला की लागू होणाऱ्या योजना समोर येतात. मी आलेल्या बायकांना त्यावर बसवते. आणि एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते: तालुका कृषी अधिकारी कार्यालय वेगळं आणि पंचायत समितीतला कृषी विभाग वेगळा. दोन्हीकडं वेगवेगळ्या योजना असतात. पंचायत समितीत जिल्हा परिषदेच्या सेस फंडातलं, महिला व बालकल्याणचं साहित्य असतं. अनुसूचित जातीतल्या शेतकऱ्यांची बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना पण तिथूनच चालते, त्यात नवीन विहिरीला 4 लाखांपर्यंत आहे. एका ऑफिसात "आमच्याकडं काही नाही" म्हटलं की माणूस बस धरून घरी जातो, आणि दुसरं ऑफिस तिथून दोन मिनिटांवर असतं. दोन्हीकडं जा.

जतची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, काय झालं ते सांगते.

शनिवारी सुट्टी काढून गावी गेले. आधी आईच्या फोनमधला तो मेसेज काढला. मग आधारचं बघितलं. केंद्रवाल्या ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. आईला वाटत होतं सोसायटीच्या शेजारच्या बँकेत पैसे येतात, आधार दुसऱ्याच बँकेला जोडलेलं. पण लाडकी बहीणचे पैसे तिथं येतात आणि खातं चालू आहे, त्यामुळं तसंच ठेवलं. नावात मात्र घोळ होता. सातबाऱ्यावर आईच्या नावापुढं वडिलांचं नाव एका वेलांटीनं चुकलंय. तलाठी भाऊसाहेबांकडं दुरुस्तीचा अर्ज दिलाय, त्यांनी आधार आणि वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत घेतली.

आईची पीक पाहणी झालीच नव्हती. बारामध्ये आमची बाग "पड" दिसत होती. 600 झाडं डोळ्यासमोर उभी आणि कागदावर पड! आईनं ते वाचलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग स्वतः माझा फोन घेऊन बागेत उभी राहिली, डाळिंबाचा फोटो काढला, साधन म्हणून विहीर निवडली. पीक नोंदलं गेलं तेव्हा मला म्हणाली, आता तुझ्या बापाची बाग कागदावर आली.

कृषी सहायक मॅडमना भेटलो. संमतीपत्राचा नमुना दिला, भावाची आणि माझी सही झाली. दोन विक्रेत्यांची कोटेशनं घेतली. एकाच क्षेत्राची, आणि फरक साडेनऊ हजारांचा. ज्याचं महाग होतं त्याला मापदंडात किती बसतं विचारलं तर तो विषयच बदलायला लागला. दुसऱ्यानं कागदावर लिहून दिलं.

ज्याला आईनं हजार दिले होते त्याला फोन केला. पैसे परत द्यायला तयार नाही, म्हणतो चहापाण्याला खर्च झाले. आई म्हणते सोडून दे. मला सोडवत नाही, पण सध्या अर्जाच्या मागं आहे.

एक शंका राहिली. नाव दुरुस्त व्हायला पंधरा-वीस दिवस लागतील म्हणतात. तोवर अर्ज भरून ठेवू की थांबू? आधी अर्ज त्याला आधी म्हणता, तर मागं पडायची भीती वाटते. आणि झाडांना आता ताण द्यायचा, म्हणजे फुलं येण्यासाठी पाणी तोडायचं, मग लगेच पाणी सुरू करायचं. आई म्हणते ह्या बहाराला तरी ठिबक मिळेल का.

आटपाडीचा_शेतकरी

ताई, वाचून फार बरं वाटलं. आईंना माझा नमस्कार सांगा.

फार्मर आयडी आधारच्याच नावानं निघालाय का ते आधी बघा. निघाला असेल आणि त्यात गट नंबर जोडलेला दिसत असेल तर थांबू नका, आज रात्रीच अर्ज भरा. कागद निवड झाल्यावर चढवायचे असतात, तोवर सातबारा दुरुस्त होऊन येईल. आयडीच अडला असेल तर मात्र दुरुस्तीशिवाय इलाज नाही. तलाठ्याकडं दर चार दिवसांनी भावाला पाठवा, नुसता फोन करू नका.

ह्या बहाराचं मी खोटं सांगणार नाही. पूर्वसंमती कधी येईल ते कुणाच्या हातात नसतं, आणि ताण तोडायच्या वेळी ठिबक नाही म्हणून संच घाईनं उचलायचा मोह होतो. माझा शेजारी नेमका तिथंच फसला. ह्या वेळी बहार पाटपाण्यावर धरा. रात्रीच्या पाण्याचं ओझं कमी करायचं असेल तर एक करता येईल. अनुदानात न येणारी, साधी पीव्हीसीची पाइप विहिरीपासून बागेच्या डोक्यापर्यंत टाकून घ्या आणि मधे दोन-तीन व्हॉल्व्ह बसवा. कृषी सहायक मॅडमना आधी दाखवून, ती संचाच्या कोटेशनमध्ये धरलेली नाही ना हे विचारून मगच टाका. मी तसंच केलं होतं. पाट फोडत हिंडायला लागत नाही, व्हॉल्व्ह फिरवला की पाणी त्या पट्टीत जातं, आणि पुढं ठिबकला तीच पाइप मेन म्हणून चालते.

आणि आईंना त्यांच्या मापाचे गमबूट घेऊन द्या. आटपाडीच्या बाजारात मी माझ्या बायकोला घेतले, बायकांच्या मापाचे मिळतात.

जतची_लेक

आयडी आधारच्या नावानंच आहे, गट पण दिसतोय. आत्ता अर्ज भरला. 23 रुपये 60 पैसे गेले, पावती आईच्या फोनवर पाठवली. बुटांचं माप उद्या आईला विचारते.